चाळीस एमबीत दहा बोटं

मोजणीदारांचा जगातल्या दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक म्हणजे स्वतःची मोजपट्टी आणि दुसरी म्हणजे स्वतःच. जमीनमोजणीच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला असा विश्वास शोभतोही. त्यामुळे लेकीचा व्हिडिओ "चाळीस एमबीपेक्षा कमी" करून पाठवायचा आहे हे कळल्यावर ते हसले. म्हणाले, "एवढंच ना? मी डोंगर कागदावर बसवलेत. हे तर आठ मिनिटांचं काम."

लेकीला घरात 'धाकटी' म्हणत. ती एकुलती एक होती, पण मोठी कोण हे बायकोनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलेलं होतं, त्यामुळे त्यावर चर्चा होत नसे. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची, आणि बोलायची म्हणजे काय, नुसती लाही फुटत असे. मोजणीदार तिची भाषा जिद्दीनं शिकले होते, पण त्यांचे हात ताठ चालत. धाकटी म्हणायची, "बाबा बोलायला लागले की सरकारी पत्र वाचल्यासारखं वाटतं." आई मात्र तिच्याइतकीच भरभर बोलायची. दोघींचं भांडण सुरू झालं की मोजणीदार टेनिस बघणाऱ्यासारखी मान फिरवत बसत आणि शेवटी कोण जिंकलं ते विचारून घेत.

जिथे धाकटी स्वतः शिकली, त्याच शाळेत शिक्षिकेची एक जागा निघाली होती. या आधी दोनदा निघाली तेव्हा दोन्ही वेळा ऐकू येणारी माणसं घेतली होती. ती पुस्तकातून खुणा शिकून आली होती आणि त्यांच्या तासाला मुलं जांभया देत, असं धाकटी जुन्या मैत्रिणींकडून ऐकून, म्हणजे बघून, होती. चार वर्षं ती औषधांच्या गोदामात बाटल्यांना लेबलं चिकटवत होती. "तेच हात," ती म्हणायची, "लेबलं चिकटवायला चालतात, शिकवायला नाही." वयाची अट बघता ही तिसरी आणि शेवटची संधी होती. पहिली फेरी म्हणजे जास्तीत जास्त आठ मिनिटांचा पाठ, व्हिडिओ करून पाठवायचा.

तिनं विषय घेतला मुंग्या वाट कशा शोधतात. दहा बोटांच्या दहा मुंग्या व्हायच्या, पळायच्या, चुकायच्या, एकमेकींच्या मिशांना मिशा लावून चौकशी करायच्या. बघताना माणूस पायाखाली बघायला लागावा असा पाठ. मोजणीदारांनी मागे 'वातावरण' तयार केलं. खिडकीला फुलाफुलांचा पडदा, वर पंखा, आणि भिंतीवर त्यांचा स्वतःच्या हातानं काढलेला, काच लावलेला डोंगराचा नकाशा. त्यात उंचीच्या रेघा केसासारख्या बारीक. "निवड समितीला कळू दे, मुलगी कुठल्या घरातली आहे," ते म्हणाले. चित्रीकरण वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या काकांनी केलं. त्यांचा फोन नवा होता आणि हात जुना. तो थरथरत असे, पण काकांच्या मते त्यामुळे 'जिवंतपणा' येत होता.

फाइल निघाली नऊशे एमबीची.

आता ती लहान करायला जो प्रोग्राम मिळाला त्यात एक आडवी पट्टी होती. एका टोकाला 'अतिजलद', दुसऱ्या टोकाला 'अतिसावकाश'. मध्ये खुणा. शहाण्या माणसानं अशा वेळी कुणाला तरी विचारावं. पण विचारणं हा मोजणीदारांच्या मते कारकुनांचा गुण होता. त्यांनी पट्टी 'अतिजलद'वर ओढली, आकाराच्या रकान्यात चाळीस लिहिलं आणि चार मिनिटांत फाइल तयार. बरोब्बर चाळीस. दशांश चिन्हानंतरही शून्य. त्यांनी ती बायकोला बोलावून दाखवली. शाळेच्या संकेतस्थळानं ती नाकारली, कारण चाळीस म्हणजे चाळीसपेक्षा कमी नव्हे. मोजणीदारांनी तावातावानं 'मोजमापाची सर्वमान्य रीत' या विषयावर तक्रार लिहिली, बायकोनं ती पुसली, आणि एकोणचाळीस पूर्णांक नऊची फाइल रविवारी गेली. पाठवण्याआधी ती उघडून बघावी असं घरात कुणालाही वाटलं नाही. माप बरोबर होतं ना!

मंगळवारी उत्तर आलं. "उमेदवाराची बोटे स्पष्ट दिसत नाहीत. त्रुटी गुरुवारी सायंकाळी पाचपर्यंत दूर करावी. त्यानंतर संधी नाही."

तेव्हा कुठे तिघांनी व्हिडिओ बघितला. धाकटीचा चेहरा ओळखू येत होता एवढंच. हात हलायला लागले की मनगटापुढे नुसता कालवलेल्या पिठाचा गोळा. दहा मुंग्यांचा पत्ता नाही. आणि मागचा नकाशा? काकांचा हात क्षणभर स्थिर झाला की नकाशाची रेघ न् रेघ मोजून घ्यावी अशी.

धाकटीनं पडद्यावर बोट ठेवलं आणि मग बापाकडे वळून हातांनी म्हणाली, "डोंगर पास झाला. मी नापास झाले."

बुधवारी मोजणीदार स्वतः शाळेच्या कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून सज्जन होता, हे आधीच सांगायला हवं. सज्जन कारकुनासमोर माणसाला भांडताही येत नाही. त्यानं व्हिडिओ चालू केला, गोळा बघितला, आणि समजूतदारपणे म्हणाला, "साहेब, मुलगी फार भरभर हात हलवते. जरा हळू हलवायला सांगा. म्हणजे कंप्युटरलाही झेपेल, आम्हालाही झेपेल."

आणि इथे मोजणीदारांकडून चूक झाली. त्यांनी मान डोलावली. नुसती डोलावली नाही, "बरोबर आहे तुमचं," असंही म्हणाले. इतकंच नाही, तर घरी येऊन त्यांनी तो निरोप पोहोचवला. "जरा हळू बोललीस तर?" असं त्यांनी आपल्या ताठ हातांनी, प्रत्येक खूण वेगळी करून विचारलं.

 धाकटी जे बोलली ते मोजणीदारांना निम्मंच कळलं, पण निम्मं पुरेसं होतं. "दुकानात हळू. दवाखान्यात हळू. गोदामात मुकादम म्हणतो हळू. ऐकू येणाऱ्यांना कुणी म्हणतं का, हळू बोला, आमचं यंत्र मंद आहे? मी माझ्या भाषेत अडखळत बोलू? मुलांसमोर? त्यापेक्षा लेबलं चिकटवीन!" आणि तिनं आपल्या खोलीचं दार असं आपटलं की ते तिला सोडून सगळ्या इमारतीला ऐकू गेलं.

आई म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं निरोप्या व्हायला?"

"अगं, तो कारकून म्हणाला..."

"कारकून म्हणाला उद्यापासून डोक्यावर चाला, तर चालाल?"

मोजणीदार खाली मान घालून बाहेर पडले. जिन्यात बँकवाले काका भेटले. काका म्हणाले, सेकंदाला तीस चित्रं कशाला लागतात, दहा ठेवा, बँकेतही आम्ही अनावश्यक खर्च असाच कमी करायचो. तसं करून बघितलं तर मुंग्या चालण्याऐवजी उड्या मारायला लागल्या, मध्येच एक हात गायब. शेजारच्या वहिनींनी सुचवलं, व्हिडिओ अर्धा अर्धा करून पाठवा. संकेतस्थळ दुसरा अर्धा घेईना. समोरच्या आजोबांचं मत पडलं की आपल्या वेळी अर्ज कागदावर असत आणि कुणाची बोटं बघत नसत. हे खरं होतं, पण उपयोगाचं नव्हतं.

शेवटी मोजणीदारांनी आयुष्यात पहिल्यांदा एका तज्ज्ञाला विचारलं. इमारतीखाली लग्नसमारंभाचं शूटिंग करणाऱ्याचं दुकान होतं. शूटिंगवाला हसला नाही, हे त्याचे उपकार.

"काका, बॅग भरण्यासारखं आहे हे," तो म्हणाला. "बॅग तेवढीच, कपडे तेवढेच. घाईनं कोंबले तर काय होतं? सगळे चुरगळतात. एकेक घडी नीट घातली तर त्याच बॅगेत सगळं बसतं, इस्त्रीही मोडत नाही. पण घड्या घालायला वेळ लागतो. तुम्ही कोंबलंत."

"मग अतिसावकाश करू?"

"करा. पण तुमचा कंप्युटर केवढ्या वयाचा आहे?"

मोजणीदारांनी वय सांगितलं. शूटिंगवाल्यानं सहानुभूतीनं मान हलवली आणि तो पुढे आणखी काही सांगणार तेवढ्यात त्याच्याकडे एक नवरदेवाचा बाप आला. आणखी काय सांगणार होता ते राहूनच गेलं. ते ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

रात्रभर यंत्र चालू ठेवायला आईनं साफ नकार दिला. म्हणून गुरुवारी सकाळी साडेसहाला मोजणीदारांनी पट्टी दुसऱ्या टोकाला ओढली आणि बटण दाबलं. प्रोग्राम म्हणाला, नऊ तास. म्हणजे साडेतीन. पाचाला भरपूर अवकाश. कंप्युटर तापू नये म्हणून काकांच्या सल्ल्यानं तो आधीच बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ हलवला होता आणि त्याची वायर दिव्याच्या बोर्डावर लावली होती. मोजणीदार समोर खुर्ची टाकून बसले. बारा टक्के. एकोणतीस टक्के. जेवण त्यांनी तिथेच केलं. छप्पन्न टक्के. कुणी जोरात चाललं तरी ते डोळे वटारत, जणू टक्के घाबरून मागे जातील. धाकटीनं गोदामातून रजा घेतली होती. ती खोलीत पुस्तक घेऊन बसली होती आणि बाबांशी बोलत नव्हती.

दोन वाजून बेचाळीस मिनिटांनी एक्क्याण्णव टक्के झाले.

एक्क्याण्णव! मोजणीदारांना राहवेना. कालचा अबोला, ती डोलावलेली मान, सगळं या आकड्यानं भरून निघणार होतं. आता तिला बोलावून दाखवलंच पाहिजे. आणि त्या घरात धाकटीला बोलावायची रोजची रीत एकच. हाक मारून उपयोग नाही, म्हणून बाहेरच्या खोलीतला दिवा दोनदा बंद-चालू करायचा. दाराच्या काचेतून तिला उजेड हललेला दिसतो आणि ती येते. पंचवीस वर्षांची सवय. हात न बघता बोर्डाकडे जातो.

हात गेला. खट्, खट्.

दिवा हललाच नाही. कंप्युटर मात्र गेला, बोट शेजारच्या त्याच्या बटणावर पडलं होतं. पडदा काळा झाला आणि पंख्याचा घुर्र आवाज हळूहळू बारीक होत थांबला.

मोजणीदार तसेच उभे राहिले. बोट बटणावर. आई स्वयंपाकघरातून आली, तिनं पडदा बघितला, बोर्ड बघितला, बोट बघितलं.  पाय जमिनीवर दोनदा आपटून तिनं धाकटीला बोलावलं. ही दुसरी रीत, फक्त संकटात वापरायची.

"मी... तुला बोलावत होतो," मोजणीदार म्हणाले. त्यांचे हात इतक्या घाईनं चालत होते की ताठपणा कुठच्या कुठे गेला होता. "एक्क्याण्णव झाले होते. तुला दाखवायचे होते."

रागावायचं सोडून धाकटीला हसू आलं. असं हसू की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग डोळे पुसून ती म्हणाली, "बाबा, आज पहिल्यांदा तुम्ही भरभर बोललात."

आणि मग तिनं घड्याळाकडे बघितलं. दोन पंचेचाळीस. नऊ तास नव्हते, सव्वादोन होते. जुनाच व्हिडिओ पुन्हा कोंबला तर पुन्हा पिठाचा गोळा. तिनं कंप्युटर पुन्हा चालू करून तो जुना व्हिडिओ उघडला, आणि बाप शेजारी हात जोडून उभा असताना नीट बघू लागली. थांबवलं. पुढे नेलं. थांबवलं.

"हे बघा," ती म्हणाली. "काकांचा हात हलतो म्हणजे तुमचा नकाशा हलतो. त्यात किती रेघा? पडदा हलतो, त्यावर किती फुलं? पंख्याची सावली हलते. आईनं मला ती शूटिंगवाल्याची बॅग सांगितली. बॅग चाळीसचीच. त्यात आधी डोंगर भरला, मग फुलं भरली. माझ्या बोटांना जागाच उरली नाही."

शूटिंगवाला हेच सांगणार होता. पण मोजणीदारांना हे लेकीनं सांगायला हवं होतं, असं आपलं मला वाटतं. माणूस परक्यासमोर मान डोलावतो, पटतं मात्र घरच्यांचंच.

त्यांनी स्टूल घेतलं, वर चढले आणि नकाशा उतरवला. एकोणीस वर्षांत तो पहिल्यांदा खाली येत होता. भिंतीवर त्याच्या जागी एक पांढरा चौकोन राहिला, तो मोजणीदारांनी ओल्या फडक्यानं बाकीच्या भिंतीसारखा करायचा प्रयत्न केला आणि बाकीचीच भिंत जरा पांढरी झाली. आईनं पडदा ओढून काढला, कड्यांसकट. पंखा बंद. धाकटीच्या अंगातला ठिपक्यांचा शर्ट जाऊन साधा गडद निळा आला. काका चित्रीकरणाला खाली उतरलेच होते. आईनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि दोन डब्यांच्या मध्ये घट्ट बसवला. "काका, तुम्ही बसा. जिवंतपणा आम्ही बघतो," ती म्हणाली. काका बसले.

खिडकीतून दुपारचा उजेड थेट धाकटीवर पडत होता. मागे कोरी भिंत. तिनं हात वर केले, क्षणभर थांबली, बापाकडे बघितलं आणि सुरू झाली.

पहिल्या वेळेपेक्षा भरभर! मुंग्या अशा सुटल्या की काकांनी पाय वर घेतले. कुठे एक वाट चुकली, दुसरीनं तिला धरून आणलं, तिसरी दाण्याखाली चिरडता चिरडता वाचली. आठ मिनिटांचा पाठ साडेसहा मिनिटांत झाला आणि एकही मुंगी सुटली नाही.  या मुलीला हळू हो म्हणायला आपली मान डोललीच कशी, असं मोजणीदारांना वाटलं आणि स्वतःचा भयंकर राग आला.

तीन वाजून वीस मिनिटं. पट्टी कुठे ठेवायची यावर शेवटची लढाई झाली. मोजणीदारांना तोच व्हिडिओ अजून सुंदर हवा होता. "एक खूण पुढे. फक्त एक!"

"किती वेळ?" धाकटीनं विचारलं.

"दीड तास दाखवतोय."

"आणि मध्यावर?"

"पन्नास मिनिटं."

"मध्यावर," ती म्हणाली. "पाचाला एक मिनिट उशिरा पोहोचलेली सुंदर बोटं कुणी बघत नाही."

पन्नास मिनिटं तिघं आणि काका सतरंजीवर बसून राहिले. हात मांडीवर. बटणाच्या दिशेनं कुणी बघितलंसुद्धा नाही. चार वाजून तेरा मिनिटांनी फाइल तयार झाली. अडतीस पूर्णांक दोन. या वेळी आकड्याकडे कुणी बघितलं नाही, आधी व्हिडिओ बघितला. दहा बोटं. नखांसकट. भिंत कोरीच असल्यानं तिच्यावर कंप्युटरला काही खर्चच करावा लागला नव्हता.

पाठवण्याआधी संकेतस्थळावर एक रकाना होता. 'त्रुटी कशी दूर केली?' मोजणीदार म्हणाले, हे मी लिहितो. त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं: "काल मी आपल्या कार्यालयात मान डोलावली होती, ती परत घेत आहे. हात हळू केलेले नाहीत. नकाशा, पडदा आणि पंखा काढला. दोष उमेदवाराच्या हातांत नव्हता, आमच्या भिंतीवर होता." बायकोनं वाचलं. या वेळी तिनं काही पुसलं नाही.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. निवड झाली होती! खाली अटी होत्या, आणि सातवी अट अशी की "वर्गात हातवारे संथ ठेवावेत." धाकटीनं पत्राच्या प्रतीवर सही केली आणि सातव्या अटीसमोर लिहिलं, "मुलांना विचारून कळवते." ती प्रत घेऊन मोजणीदारच खिडकीवर गेले.

सज्जन कारकून कासावीस झाला. "साहेब, अटीसमोर असं लिहिता येत नाही हो."

"लिहिलंय ना? म्हणजे येतं," मोजणीदार म्हणाले. "शिक्का मारा."

शिक्का बसेपर्यंत ते खिडकीसमोरून हलले नाहीत. मागची रांग कुरकुरायला लागली तरी नाही.

पहिल्या दिवशी धाकटी शाळेतून आली तेव्हा तिची बाही खडूनं माखली होती आणि पाय दुखत होते. मोजणीदार दारातच उभे होते.

"मुलांना विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

तिनं पहिल्या बाकावरच्या एका सात वर्षांच्या मुलीची नक्कल करून दाखवली. बोटं अशी फिरली की मोजणीदारांना काही म्हणता काही कळलं नाही.

"पुन्हा सांग," ते म्हणाले, आणि 'जरा हळू' म्हणायला हात वर गेलाच होता. तो त्यांनी हवेतच धरला आणि खिशात घातला. "पुन्हा सांग. तशीच."

तिनं तशीच सांगितली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्यांना कळलं. ती पोरगी म्हणाली होती, "टीचर, तुम्ही इतक्या हळू का बोलता?"